बुगडीचं भोक, पैलवानाचा कान आणि बाकीचे प्रश्न

गेल्या महिन्याभरात कानानाकाच्या कूर्चेबद्दल इतके सारखे प्रश्न आलेत की म्हटलं एकदाच उत्तरं देऊन टाकू. आधी एवढं ध्यानात घ्या. कूर्चा म्हणजे ते मऊ हाड, कार्टिलेज, त्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरून एक पातळ साल घट्ट चिकटलेली असते आणि तिच्यातून जे झिरपेल त्यावरच ती जगते. साल आणि कूर्चेच्या मध्ये रक्त साचलं किंवा पू झाला की डबा बंद. मग ती मरते, आणि मेलेली परत उगवत नाही.

मुलीने मॉलमध्ये गनने कानाच्या वरच्या बाजूला टोचून घेतलं. आज सहावा दिवस, कान लालभडक आणि गरम आहे, हात लावू देत नाही. कानाची पाळी मात्र ठीक आहे. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलंय, हळद-खोबरेल लावतोय. अजून दोन दिवस बघू का?

नाही. आजच कान-नाक-घसावाल्याकडे जा, बाकीचं नंतर वाचा.

पाळी ठीक आहे म्हणून तुम्हाला बरं वाटतंय ना, मला तीच खूण वाईट वाटते. पाळीत कूर्चा नसते, नुसती कातडी आणि चरबी. वरचा कान सुजलाय आणि पाळी सुटलीय म्हणजे आजार कूर्चेच्या सालीत आहे. बारशाच्या सुमारास सोनार पाळीला टोचतो ते वेगळं आणि हे वेगळं. यावर लोक लगेच म्हणतात की आमच्या आजीने बुगडी घातली होती, पेशवाईत भिकबाळी होती, त्यांना कुठे काय झालं. अहो, ज्या आजीचा कान आक्रसून वाकडा झाला ती आयुष्यभर कानावरून पदर घ्यायची, तिचा फोटो कोण दाखवणार?

आता गन. सुई भोक पाडते, गन बोथट खडा स्प्रिंगच्या जोरावर आत ठोकते, म्हणजे कूर्चा चेचली जाते आणि साल सुटते. वर ती गन बहुतेक प्लॅस्टिकची, उकळत्या वाफेत घालताच येत नाही, मग स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि काचेवर 'शंभर टक्के स्टराईल' चिकटवायचं! 2000 साली अमेरिकेत ओरेगनमध्ये दागिन्यांच्या एका स्टॉलवर असंच टोचलेल्या सात जणांना स्यूडोमोनास नावाच्या जंतूचं इन्फेक्शन झाल्याचं पक्कं निघालं, चौघांना ॲडमिट करावं लागलं, काहींचे कान कायमचे बिघडले. जंतू कुठे सापडला, तर जंतुनाशकाच्याच बाटलीत. आणि बहुतेकांना सुरुवातीला जी अँटिबायोटिक्स दिली होती ती या जंतूवर चालणारी नव्हतीच. मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्यांबद्दल मला हीच भीती आहे. पू झाला असेल तर चिरा देऊन काढावा लागतो, तो तपासायला पाठवावा लागतो, कधी शिरेतून औषध द्यावं लागतं. घरात कोणाला डायबेटिस असून असं झालं तर एक तासही थांबू नका.

आठ वर्षांच्या मुलाच्या नाकावर बॉल लागला. रक्त थांबलंय, एक्स-रे नॉर्मल, पण दोन्ही बाजूंनी नाक बंद वाटतं म्हणतो. सर्दी असेल का?

एक्स-रेत हाड दिसतं, मधल्या पडद्यावर साचलेलं रक्त दिसत नाही. आजच आतून नाक तपासून घ्या. रक्त तसंच राहिलं तर पू होतो, तीन-चार दिवसांत पडद्याची कूर्चा विरघळते, मग नाक मधून खचतं, आणि क्वचित इन्फेक्शन मेंदूकडे जातं.

नाकात बटण सेल गेलाय, बाहेरून दिसतोय. शिंक आली की पडेल का?

आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. पाणी, तेल, थेंब काही घालू नका. काही तासांत पडदा जळून आरपार भोक पडू शकतं.

कोल्हापूरला तालमीत आहे, कान सुजून फुग्यासारखा झालाय. पोरं म्हणतात कान मोडल्याशिवाय पैलवान होत नाही. मित्र सिरिंजने पाणी काढून देतो म्हणतोय.

मित्राला सिरिंज खाली ठेवायला सांगा. ते पाणी नाही, रक्त आहे. नुसतं काढलं तर परत भरतं, म्हणून काढून झाल्यावर दोन्ही बाजूंनी दाबून पट्टी किंवा टाके लागतात. आणि तालमीतल्या सुईने रक्ताचा पू होतो. दोन-तीन दिवसांत आलात तर कान जागेवर राहतो, आठवडा-दहा दिवस गेले की गाठ घट्ट होते आणि मग फ्लॉवरचा गड्डा. मोडका कान मिरवायचा असेल तर मिरवा, तुमचा कान आहे, पण मग वर्षाने सरळ करून द्या म्हणून येऊ नका.

गुडघ्याची कूर्चा वाढवणारी पावडर घेऊ का?

गुडघा माझा विषय नाही, हाडांच्या डॉक्टरांना विचारा. फक्त झिजलेली कूर्चा डब्यातल्या पावडरीने परत वाढते असं मी तरी जाहिरातीबाहेर पाहिलेलं नाही.

वडिलांना तीन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन दिलं होतं. आता आवाज बसतोय, गिळताना दुखतं. शेजारचे म्हणतात रेडिएशनची उष्णता बाहेर पडतेय.

उष्णताबिष्णता काही नसते. रेडिएशनने बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात आणि स्वरयंत्राची कूर्चा काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही मरू शकते. कॅन्सर परत आला तरी लक्षणं अगदी अशीच असतात, हे फोनवरून कोणीच सांगू शकत नाही. जिथे रेडिएशन झालं तिथेच जुनी फाईल घेऊन जा, तुकडा काढून तपासायचा की नाही तेही त्यांनाच ठरवू द्या, कारण अशा कूर्चेला नवी जखम सोसत नाही. विडी-तंबाखू चालू असेल तर आज बंद. श्वास घेताना आवाज यायला लागला तर अपॉइंटमेंट बघत बसू नका, सरळ इमर्जन्सी.

आमच्या कुत्र्याचा कान फुगलाय, पैलवानासारखाच. आणि शेडमधले ब्रॉयलर लंगडतायत, त्यांनाही हेच का?

कुत्र्याचं बरंचसं तेच. कानात खाज किंवा गोचीड, म्हणून तो डोकं झटकतो आणि आत रक्त साचतं, तेव्हा खाजेचं कारणही बघावं लागतं. कोंबड्यांचं वेगळं. वजन झपाट्याने वाढतं, मांडीच्या हाडाच्या टोकाची वाढती कूर्चा ताणाने तडकते, तिथे रक्तातले जंतू घर करतात आणि ती सडते. पण लंगडण्याची कारणं ढीगभर आहेत, दुकानदाराच्या सांगण्यावरून पाण्यात औषध ओतण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना शेडवर बोलवा, मेलेली कोंबडी उघडून बघितली की कळतं. कुत्र्याला माणसांच्या पेनकिलर देऊ नका.

कान वाकडा व्हायला नको असेल तर टोचायचा कुठे?

पाळीला.