गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट होताना काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ४६, गर्भाशयात गाठी, पाळीत अंगावरून फार जातं, तीन आठवड्यांनी पोटावर छेद घेऊन गर्भपिशवी काढायची आहे, चारेक दिवस राहावं लागेल, तर बॅगेत काय काय भरावं?

बॅग सगळ्यात शेवटी भरा. बॅगेत राहिलेली वस्तू संध्याकाळी डबा घेऊन येणारं माणूस आणून देतं. ऑपरेशन पुढे ढकललं जातं ते भलत्याच गोष्टींनी: हिमोग्लोबिन कमी, सकाळी घेतलेला अर्धा कप चहा, बंद करायची राहून गेलेली रक्त पातळ करण्याची गोळी, नाहीतर नाकातून न निघणारी चमकी. तीन आठवडे हातात आहेत ते यासाठी वापरा.

त्याआधी एक गोष्ट. ऑपरेशन खरंच लागणार आहे का, हे दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला सोनोग्राफी दाखवून विचारून घ्या. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याच्या आरोपांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं होतं. सरकारी पाहणीत तेरा हजारांहून जास्त बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. गाठी असल्या म्हणजे पिशवी काढायलाच हवी असं नसतं. पाळी गेली की गाठी बहुधा आपोआप आकसतात, आणि तोपर्यंत गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन यावर काहींचं भागतं. मोठ्या गाठी असतील, रक्त सतत कमी होत असेल तर काढणंच बरं. ते एकदा पक्कं झालं की डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: बीजकोश (अंडाशय) ठेवणार का काढणार, आणि पिशवीचं तोंड ठेवणार का? बीजकोश काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास, म्हणजे अंगातून वाफा, घाम, झोप उडणं, आठवडाभरात एकदम सुरू होऊ शकतो. पुढे हाडांचाही प्रश्न येतो. संमतीपत्रावर हे लिहिलेलं असतं, पण सही करताना कुणी वाचत नाही. सही आईची स्वतःची लागते. नवऱ्याची किंवा मुलाची घेतात ती साक्षीदार म्हणून.

आता हिमोग्लोबिन. आजच करून घ्या, ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी नको. जास्त रक्तस्राव असलेल्या बायकांचं सात-आठ येणं अगदी नेहमीचं, आणि भूलतज्ज्ञाला साधारण दहाच्या वर हवं असतं. लोहाच्या गोळ्यांनी एक ग्रॅम वाढायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे आठ असेल तर गोळ्यांवर विसंबून वेळेत गाठता येणार नाही. मग सलाईनमधून लोह देतात. त्याचाही परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून घाई. गोळी घेत असतील तर रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब. आपल्याकडे गोळी चहाबरोबरच गिळायची सवय असते आणि निम्मं लोह तिथेच वाया जातं. शौचाला काळं होईल, त्याने घाबरू नका.

रक्ताच्या एक-दोन पिशव्या राखून ठेवायला सांगतील. कोणती रक्तपेढी आणि बदली रक्तदाता हवा का, हे आधी विचारून घरातला एक माणूस तयार ठेवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. ऐनवेळी धावपळ करून आणलेल्या पुतण्याने आदल्या रात्री दारू घेतलेली निघते आणि मग दुसरा शोधावा लागतो.

चालू औषधं एका कागदावर लिहा: नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून कधी. त्यापेक्षा सरळ रिकाम्या स्ट्रिप्स पिशवीत घालून भूलतज्ज्ञाला दाखवा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरच ठरवतील. हृदयात स्टेंट असेल तर आपल्या मनाने बंद करणं जीवावर बेतू शकतं. डायबेटिसची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर आवर्जून सांगा, ती तीन दिवस आधी बंद करावी लागते. उपाशीपोटी घेतली तर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठतं. थायरॉईडची गोळी बहुधा त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू ठेवतात, काही त्या सकाळी चुकवतात, तेव्हा नाव घेऊन विचारा. काढे, चूर्णं, लसणाच्या कॅप्सूल हे ‘औषध नाही’ म्हणून लपवलं जातं. तेही सांगा.

उपास किती तासांचा हे दवाखाना सांगेल, तेच पाळा. साधारण नियम असा की जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. गडबड चहाने होते. दूध घातलेला चहा हा पोटाच्या दृष्टीने पातळ पदार्थ नाही, तो जेवणातच मोजतात. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि दुधाने ते जास्त घातक होतं. कमरेत इंजेक्शन देऊन भूल देणार असले तरी उपास तोच, कारण मध्येच पूर्ण भूल द्यायची वेळ येऊ शकते. चुकून काही पोटात गेलं असेल तर खरं सांगायचं. ऑपरेशन काही तास उशिरा होईल, एवढंच. दोन दिवसांत सर्दी-खोकला किंवा ताप आला तरी आधी फोन करा. खोकल्याने पोटाचे टाके ताणले जातात.

दागिन्यांचं आधी सोनाराकडे बघून घ्या. चमकीच्या फिरकीचं मळसूत्र वर्षानुवर्षं न काढल्याने गच्च बसलेलं असतं. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर साबण लावून ओढत बसते आणि नाकपुडी सुजते. अंगठी, जोडवी, पैंजण, मंगळसूत्र सगळं घरी काढून ठेवा. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात, त्यात अंगावरचा धातू जिथे टेकतो तिथे चटका बसायचा धोका असतो. आणि सलाईनने बोटं सुजली की अंगठी कापावी लागते. काचेच्या बांगड्यांवर सगळ्यात जास्त वाद होतो. हातात सलाईनची सुई आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा लागणार, बांगड्या मध्ये येतात. घरी साबण लावून शांतपणे उतरवल्या तर दवाखान्यात त्या वाढवायची वेळ येत नाही. गळा रिकामा नको वाटला तर धातू नसलेला काळ्या दोऱ्यातला मण्यांचा सर चालेल का, हे सिस्टरला विचारा. बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात. नेलपॉलिश काढा, मेंदी लावू नका. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा त्या रंगातून चुकीचं दाखवू शकतो.

केस घरी रेझरने काढू नका. बारीक ओरखडे पडतात, त्यातून जंतू शिरतात आणि टाके पिकतात. लागलंच तर दवाखान्यात मशिनने काढतात. आदल्या रात्री आणि त्या सकाळी साबणाने डोक्यावरून अंघोळ मात्र नक्की.

कागदपत्रं एका फाईलमध्ये: आधार, सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी, फिटनेसचा कागद (ऑपरेशन झेपेल असा डॉक्टरांचा दाखला), जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड (कुटुंबनियोजनाचं किंवा सिझेरियनचं असेल तर ते फार कामाचं, आत चिकटलेलं काय असेल याचा अंदाज येतो). विमा असेल तर नाव तपासा. पॉलिसीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि दवाखान्याच्या केसपेपरवर ‘सुनीताबाई’ की ‘सुनिता’, असे तीन प्रकार एकाच बाईचे असतात आणि दावा तिथेच अडतो. नोंदणी करतानाच आधारप्रमाणे लिहायला सांगा, पॉलिसीतलं वेगळं असेल तर लग्नाचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडा. गर्भपिशवीच्या ऑपरेशनला बहुतेक पॉलिसींमध्ये दोन वर्षांची प्रतीक्षा असते, ती संपली का ते पाहा. खोलीच्या भाड्याची मर्यादाही बघा. विमा तीन लाखांचा आणि मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. तुम्ही सहा हजारांची खोली घेतली तर खोलीचे जास्तीचे पैसे तर जातातच, शिवाय औषधं सोडून डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्माच मंजूर होतो. कॅशलेसचे कागद दोन-तीन दिवस आधी द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) आधीच भेटा, हे ऑपरेशन तिथे योजनेत होतं का हे तोच सांगेल (हेल्पलाईन १५५३८८). आधी पैसे भरून नंतर परत मिळवायची ही योजना नाही.

आता बॅग. पुढून पूर्ण उघडणारे, सैल बाह्यांचे सुती गाऊन तीन. मागे चेन असलेला गाऊन सलाईन लावलेल्या बाईला घालता येत नाही. घालताना आधी सलाईनची बाटली बाहीतून बाहेर काढायची, मग हात. निकर नेहमीपेक्षा एक माप मोठी आणि कमरेच्या वर जाणारी घ्या. आडवा छेद ओटीपोटावर अगदी खाली असतो, नेहमीच्या निकरचं इलॅस्टिक नेमकं टाक्यावर बसतं. लांब पॅडचं एक पाकीट, कारण पिशवी काढली तरी काही आठवडे थोडं लालसर-तपकिरी जातं. कप किंवा टॅम्पॉन चालत नाही. मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल. एक छोटी उशी, तिचं काम पुढे सांगते. चष्म्याची आणि कवळीची डबी नाव लिहून, नाहीतर कवळी जेवणाच्या ताटाबरोबर जाते. टॉवेल, साबण, ब्रश, फणी आणि केसांचे दोन रबर (दोन वेण्या घातल्या की आडवं पडायला बरं), थर्मास, मग, लांब वायरचा चार्जर, सोबतच्या माणसाला चादर. सोनं नाही, रोख बेताची.

सोबत रात्री बाईमाणूस ठेवा, आणि ते एकच ठेवा. दर पाळीला नवं माणूस आलं की सिस्टरने काय सांगितलं ते कुणालाच माहीत नसतं. सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे सांगितल्याशिवाय पाणी न देणं. ‘घसा कोरडा पडलाय’ म्हणून हळूच पाजलेल्या नारळपाण्याने उलटी होते आणि ताज्या टाक्यांवर ताण येतो. ओठांना ओला कापूस लावा. लघवीची नळी साधारण एक दिवस असते. तिची पिशवी पलंगापेक्षा खाली टांगलेली असावी, जमिनीवर लोळायला नको आणि चालताना कमरेच्या वर उचलायची नाही. नाहीतर लघवी उलटी आत जाते. नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही तर सिस्टरला सांगा, लाजायचं नाही.

पाय हलायला लागले की दर तासाला घोटे वर-खाली दहा-पंधरा वेळा. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवतील. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताच्या रेट्याने बसायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग उभं राहायचं. सरळ उताणं असताना पोटाच्या जोरावर उठायला गेलं की कळ मस्तकात जाते. खोकला आला तर ती उशी टाक्यांवर दाबून धरायची. वेदनाशामक उठायच्या अर्धा-पाऊण तास आधी मागून घ्या. दुखतंय तरी सहन करणारी बाई चालत नाही, आणि न चालणारीचा वात सरत नाही. पोट फुगून त्याचाच त्रास जखमेपेक्षा जास्त होतो.

घरची तयारी आत्ताच करा. सहा आठवडे जड उचलायचं नाही, साधारण पाच किलोच्या वर काहीच नाही. भरलेली कळशी, ओल्या कपड्यांची बादली, कुकरचा मोठा डबा हे सगळं त्यात आलं. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, तो सरकवायचासुद्धा नाही. उकिडवं बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. भाताने टाके पिकतात हे खोटं. डाळ, भात, तूप, अंडी, सगळं खाऊ द्या. पाणी आणि चोथा भरपूर हवा, कारण कुंथणं टाळायचं आहे. संबंध सहा आठवडे, डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत नाहीत. हे आई-वडिलांना कुणी सांगत नाही, डॉक्टरांना सांगायला लावा.

ताप १००.४ च्या वर, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, दुर्गंधी, एकाच पोटरीला सूज, धाप लागणं, किंवा खालून सतत पाण्यासारखं गळणं, यातलं काही झालं तर टाके काढायच्या तारखेची वाट न बघता लगेच जा.

आणि काढलेली पिशवी तपासायला जाते. छोट्या दवाखान्यात ती फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून नातेवाइकांच्याच हातात देतात. झाकण घट्ट आहे का आणि बरणीवर नाव-वय-तारीख आहे का ते बघून त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा आणि पावती जपून ठेवा. रिपोर्ट साधारण आठ-दहा दिवसांनी येतो. तो न आणताच लोक टाके काढून घरी जातात, कारण आईला बरं वाटत असतं. तुम्ही मात्र तो डॉक्टरांना दाखवल्याशिवाय फाईल कपाटात ठेवू नका.