प्रश्न तुमचे: मिनिफाय ट्रू केलं आणि लायब्ररीच गायब झाली

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोघं मित्र घणसोलीत वन बीएचके भाड्याने घेऊन तिथूनच काम करतो. दुकानदारांच्या ॲपमधून छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर मराठी पावती छापायची अँड्रॉइड लायब्ररी (दुसऱ्याच्या ॲपमध्ये जोडायचा तयार कोड) बनवलीय, तिची एएआर फाइल करून तीन कस्टमरना देतो आणि वर्षाचे पैसे घेतो. मागच्या महिन्यात एका कस्टमरचा डेव्हलपर फोनवर बोलता बोलता म्हणाला, "तुम्ही जोडाक्षरासाठी आधी बिटमॅप करता ना, ते दोनदा का करता?" म्हणजे याने आमचा कोड उघडून वाचला होता! घाबरून मिनिफायएनेबल्ड (कोड लहान करून नावं बदलायचं सेटिंग) ट्रू केलं, ३१० केबीची फाइल ६ केबी झाली, आम्ही खूश, पण कस्टमरच्या ॲपला एकही क्लास सापडेना. मग काय काढायचं नाही ते सांगणारे रूल इकडून तिकडून कॉपी केले तर दुसऱ्या कस्टमरकडे डुप्लिकेट क्लास 'ए डॉट ए' म्हणून बिल्ड फुटला. नक्की करायचं काय, आणि मुळात करण्यात अर्थ आहे का?
– दोन मित्र, घणसोली

उत्तर: पहिलं म्हणजे त्या डेव्हलपरवर रागावू नका, त्याने फुकटात कोड रिव्ह्यू करून दिलाय, खरंच दोनदा बिटमॅप करत असाल तर ते आधी काढा.

आता मुद्द्याचं. एएआर म्हणजे साधी झिप फाइल आहे, एक्स्टेंशन बदलून उघडा, आत मॅनिफेस्ट, आर डॉट टीएक्सटी आणि क्लासेस डॉट जार दिसेल, ती जार जाडएक्स नावाच्या फुकट टूलमध्ये ओढून टाकली की मिनिटभरात तुमचा कोड जावामध्ये वाचायला तयार, फक्त तुम्ही लिहिलेल्या कमेंट नसतील. म्हणून तुम्हाला ऑबफस्केट करावंसं, म्हणजे नावं बदलून कोड वाचायला अवघड करावासा वाटला, हे बरोबरच आहे. फक्त कोणापासून लपवायचंय ते ठरवा. कस्टमरने त्याच्या ॲपमध्ये मिनिफाय चालू ठेवलं असेल तर प्ले स्टोअरवर जाणाऱ्या ॲपमध्ये तुमची लायब्ररी त्याच्या कोडबरोबर आपोआप ए-बी-सी होऊन जाते, जगापासून लपवायला तुम्हाला काहीच करावं लागत नाही. तुमची अडचण कस्टमरपासून लपवायची आहे, कारण त्याच्या हातात कच्ची एएआर आहे. हे असं असेल तरच लायब्ररी स्वतः ऑबफस्केट करायची, नाहीतर नुसता ताप आहे.

६ केबी का झाली ते सांगते. हे काम करतं आर-एट नावाचं टूल, २०१९ मध्ये अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन (एजीपी, ॲप बिल्ड करणारं) ३.४ पासून ते बाय डिफॉल्ट आलं, त्याआधी प्रोगार्ड होतं, २००२ पासूनचं, म्हणून रूलच्या फाइलला आपण अजून प्रोगार्ड फाइलच म्हणतो. या टूलचं पहिलं काम लपवणं नाहीच, वापरात नसलेलं काढून टाकून ॲप लहान करणं हे आहे, नावं छोटी करतात तीसुद्धा त्याचसाठी. ॲपमध्ये त्याला सुरुवात कुठे होते ते कळतं, मॅनिफेस्टमधल्या ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस असतात, तिथून धागा पकडून ते बघत जातं काय काय लागतंय. लायब्ररीला अशी सुरुवातच नाही. तुमचं 'पावती छापा' फंक्शन तुमच्या लायब्ररीत कोणीच बोलवत नाही, ते बोलवणारा कस्टमर बाहेर आहे, मग आर-एट म्हणतं हे कोणाला नकोय वाटतं, आणि सगळं उचलून टाकतं. तुमच्या ६ केबीत फक्त मॅनिफेस्ट आणि रिसोर्स उरले असणार.

म्हणून कस्टमर ज्याला नावाने हाक मारणार तेवढं कीप करायचं, म्हणजे नावासकट तसंच ठेवायचं, बाकीचं आर-एटच्या हवाली. इथे कोटलिनवाले हमखास फसतात. सगळे 'पब्लिक' क्लास कीप करा असा रूल नेटवर सगळीकडे मिळतो आणि तुम्हीही तोच उचलला असणार, पण कोटलिनमधलं 'इंटर्नल' कंपाइल होऊन बाइटकोडमध्ये गेल्यावर पब्लिकच होतं, म्हणजे जे लपवायचं तेच या रूलने जपून ठेवलं जातं. त्यापेक्षा एक वेगळं पॅकेज करा, 'एपीआय' नाव द्या, कस्टमरला दाखवायचे चार-पाच क्लास त्यात टाका आणि फक्त त्या पॅकेजला कीप रूल लावा, पब्लिक आणि प्रोटेक्टेड मेंबरसकट. कॉलबॅकचा लिसनर इंटरफेस त्यातच हवा आणि फंक्शन जे ऑब्जेक्ट परत देतं त्याचा क्लासही त्यातच हवा, नाहीतर कस्टमरला 'प्रिंटरिझल्ट'ऐवजी 'बी डॉट सी' टाइपचं काहीतरी मिळेल आणि तो परत तुम्हाला फोन करेल.

क्लासबरोबरची जादा माहिती जपणारा कीपॲट्रिब्यूट्स हा रूल असतो, त्यात सिग्नेचर, इनरक्लासेस, एन्क्लोजिंगमेथड आणि ॲनोटेशन ठेवा. सिग्नेचर गेलं की 'पावतीच्या ओळींची लिस्ट' ही नुसती 'लिस्ट' होते. कोटलिनचा मेटाडेटा क्लासपण कीप करा, तो गेला तर कस्टमरच्या अँड्रॉइड स्टुडिओला तुमची लायब्ररी जुनी जावा असल्यासारखी दिसते, डिफॉल्ट पॅरामीटर चालत नाहीत, नल येऊ शकतो की नाही तेही कळत नाही. मेटाडेटा कीप केला तर आर-एट त्याच्या आतली नावंही बदलून घेतं, त्याची काळजी नको.

आता तो 'ए डॉट ए'. नवी मुंबईत राहता म्हणजे हे तुम्हाला एका वाक्यात समजेल. सिडकोने प्रत्येक नोडमध्ये सेक्टर एकपासून मोजायला सुरुवात केली, सेक्टर ८ वाशीत आहे, नेरुळात आहे, कोपरखैरण्यातही आहे, आणि कुरियरवाल्याला नुसतं 'सेक्टर ८, प्लॉट ५' सांगितलं तर तो बिचारा कुठे जाणार? आर-एटचं तेच आहे. तुमच्या लायब्ररीत त्याने पहिल्या क्लासला ए डॉट ए नाव दिलं, कस्टमरने अजून कोणाची तरी ऑबफस्केट केलेली एएआर घेतली होती तिच्यातही ए डॉट ए, दोन्ही एका ॲपमध्ये आले आणि बिल्ड फुटला. उपाय म्हणजे रीपॅकेजक्लासेस हा रूल, त्याच्यापुढे तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव लिहायचं, शेवटी 'इंटर्नल' वगैरे जोडून. मग नाव बदललेले सगळे क्लास त्या एका पॅकेजखाली जातात, थोडक्यात सेक्टरच्या आधी नोडचं नाव लागलं. ही एक ओळ टाकली की तुमची ती तक्रार संपली.

ग्रेडलमध्ये दोन वेगळ्या जागा आहेत, त्यात गल्लत करू नका. 'प्रोगार्डफाइल्स' म्हणजे तुमची लायब्ररी बनताना लागणारे रूल. 'कन्झ्युमरप्रोगार्डफाइल्स' म्हणजे एएआरच्या आत प्रोगार्ड डॉट टीएक्सटी म्हणून जाणारे रूल, ते कस्टमरचं ॲप मिनिफाय होताना त्याच्या सगळ्या ॲपला लागतात, सगळ्या हे लक्षात घ्या. एका लायब्ररीवाल्याने त्यात डोंटऑबफस्केट लिहून ठेवलं होतं आणि ती घेणाऱ्यांची ॲपं उघडी पडली होती, का ते शोधायला आमच्या टीमचा अख्खा शुक्रवार गेला. या फाइलमध्ये कमीत कमी लिहा. एपीआय पॅकेजसुद्धा लिहायची गरज नाही, कस्टमर त्याला बोलवतोय हे त्याच्या आर-एटला दिसतंच. रिफ्लेक्शनने (चालताना नावाने शोधून) किंवा जेएनआयने (सी प्लस प्लसमधून) ज्याला हात लावता तेवढंच लिहायचं. आणि यातली मेख अशी की कन्झ्युमर रूल लागतात तेव्हा तुमची लायब्ररी ऑलरेडी ऑबफस्केट झालेली असते, म्हणजे 'पावतीमॉडेल' कीप करा असं तिथे लिहिलं पण तुमच्या बिल्डमध्येच त्याचं 'सी' झालं असेल तर तो रूल कोणालाच लागत नाही आणि सहसा कोणी एररही देत नाही. अशी नावं दोन्ही फाइलमध्ये लिहा. आणि एजीपी ८.० पासून आर-एटचा फुल मोड बाय डिफॉल्ट चालू आहे, त्यात क्लास नुसता कीप करून भागत नाही, रिफ्लेक्शनने ऑब्जेक्ट बनवत असाल तर रिकामा कन्स्ट्रक्टरही नाव घेऊन कीप करावा लागतो, कुठूनतरी उचललेल्या जुन्या रूलमध्ये बऱ्याचदा हे नसतं.

जीसन (ऑब्जेक्टचा जेसन मजकूर करणारी लायब्ररी) वापरत असाल तर अजून एक. आमच्याकडे एकदा टेस्टिंगला सगळं छान, रिलीजला सर्व्हरवर पावत्या यायला लागल्या त्यात 'रक्कम'च्या जागी 'ए' आणि 'तारीख'च्या जागी 'बी', कारण फील्डची नावंच बदलली होती आणि जीसन तीच नावं जेसनमध्ये लिहितं. डिबग बिल्डमध्ये मिनिफाय बंद असतं म्हणून टेस्टिंगला काही दिसलं नाही. फील्डवर सिरियलाइज्डनेम लावा, म्हणजे जेसनमधलं नाव पक्कं राहतं, आणि कस्टमरला द्यायच्या आधी एक छोटं ॲप स्वतः बनवून रिलीजचीच एएआर त्यात घालून चालवून बघा, एकदा मिनिफाय चालू आणि एकदा बंद.

शेवटचं मॅपिंग डॉट टीएक्सटी, म्हणजे कोणत्या नावाचं काय झालं त्याची बिल्डमध्ये बनणारी यादी, हे मी जरा रागाने लिहितेय कारण स्वतः भोगलंय. मी सकाळी ठाण्याहून पनवेल लोकल पकडते, कोपरखैरण्याला उतरून रिक्षाने महापे. एके दिवशी दिघ्याच्या पुढे गाडी गेली आणि कस्टमरचा फोन, तुमच्या लायब्ररीत क्रॅश आहे, त्याने पाठवलेल्या स्टॅक ट्रेसमध्ये (क्रॅश कुठे झाला ते दाखवणाऱ्या ओळींमध्ये) 'सी डॉट बी, अननोन सोर्स' एवढंच. बसल्या बसल्या काय करणार. ऑफिसला पोचले तर आमच्या बिल्ड सर्व्हरने जुने फोल्डर दर रविवारी साफ करायचं सेटिंग कोणीतरी लावलेलं, त्या व्हर्जनचं मॅपिंग गेलं ते गेलंच. तोच टॅग काढून परत बिल्ड केलं तर मधल्या काळात टूलचं व्हर्जन बदललेलं, नावं जुळेनात. चार दिवस अंदाजाने शोधलं. तेव्हा प्रत्येक रिलीजबरोबर मॅपिंग फाइल व्हर्जन नंबर घालून वेगळी जपून ठेवा आणि लाइननंबरटेबल हे ॲट्रिब्यूट पण कीप करा. तुमच्या बाबतीत ट्रेस दोनदा उलगडावा लागेल हेही आत्ताच कस्टमरला सांगून ठेवा. नावं शेवटी त्याच्या आर-एटने बदलली, म्हणून आधी त्याच्या मॅपिंगने रीट्रेस (खरी नावं परत लावणं), जे येईल त्यावर मग तुमच्या मॅपिंगने.

अर्थ आहे का विचारलंत. चोरी थांबत नाही, वाचायला कंटाळा येईल एवढंच होतं. नावं गेली तरी लॉजिक तिथेच असतं, ३८४ डॉटची ओळ प्रिंटरला कशी पाठवता ते बघायला चिकाटीचा माणूस दोन दिवस बसेल आणि शोधेल. पैसे घेऊन देताय तर साधं दोन पानी ॲग्रीमेंट करून घ्या, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीच धरला जातो, हक्क तुमचा आहेच, कागदावर असला की बोलायला सोपं जातं. आणि मेवनवर (लायब्ररी वाटायच्या रिपॉझिटरीवर) टाकताना सोर्स जार बरोबर जात नाहीये ना ते बघा, हसू नका, महिनाभर रूल लिहून एएआर ऑबफस्केट करणारी आणि शेजारीच अख्खा सोर्स अपलोड करणारी टीम मी बघितलीय.

प्रश्न: आमच्या लायब्ररीत मॅपच्या सर्व्हिसची एपीआय की स्ट्रिंगमध्ये आहे. ऑबफस्केशनने ती लपेल का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: नाही. आर-एट क्लासची, फंक्शनची, फील्डची नावं बदलतं, डबल कोटमधलं असतं ते जसंच्या तसं राहतं. तुमचीच एएआर जाडएक्समध्ये उघडा, सर्चमध्ये एचटीटीपीएस टाका, सगळे पत्ते ओळीने येतील आणि शेजारी की बसलेली असेल. डेक्सगार्डसारखी पैसे देऊन घ्यायची टूल स्ट्रिंगही एन्क्रिप्ट करतात, पण चालताना ती कुठेतरी उलगडावीच लागते आणि तिथे पकडता येते. की सर्व्हरवर ठेवा. मॅपच्या कीला पॅकेज नेम आणि साइनिंग सर्टिफिकेटचं बंधन घालता येतं, पण लायब्ररीत की तुमची असेल तर प्रत्येक कस्टमरचं पॅकेज वेगळं, म्हणून कस्टमरलाच त्याची स्वतःची की आणायला सांगा आणि इनिशियलाइझ करताना घ्या. बिलपण मग त्याचंच.

प्रश्न: फ्लटरचं पॅकेज असंच ऑबफस्केट करून देता येतं का?
– ऐरोलीहून

उत्तर: डार्टचं पॅकेज सोर्स म्हणूनच जातं, आणि फ्लटरचं ऑबफस्केट हे ऑप्शन शेवटचं ॲप बिल्ड करताना चालतं, स्प्लिट-डिबग-इन्फोबरोबर, ते कस्टमरच्या हातात आहे. खरोखर लपवण्यासारखं जे थोडं असेल ते सी प्लस प्लसमध्ये लिहून एसओ फाइल (कंपाइल केलेली लायब्ररी) करून प्लगइनमधून द्या. सिम्बॉल स्ट्रिप करा, पण डार्ट ज्या फंक्शनला नावाने हाक मारतं ती मात्र एक्सपोर्ट राहू द्या, परत तीच गोष्ट.

घणसोलीवाले, तुमचं ते जोडाक्षराचं काम झालं की मला कळवा. आमच्या बिल्डिंगखालच्या मेडिकलवाल्याच्या पावतीवर दुकानाच्या नावातल्या 'श्री'च्या जागी अजून तीन चौकोन येतात, त्याला तुमचा नंबर देते.