कुंडीतल्या शंका : देवाणघेवाण रोपांची, ऊन सोलापूरचं

प्रश्न : मैत्रिणीकडून मे महिन्यात लाल जास्वंदीच्या आठ फांद्या आणल्या, लगेच कुंडीत खोचल्या, रोज पाणी घातलं. दहा दिवसांत सगळ्या खालून काळ्या पडल्या. माती वाईट की फांद्या?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही नाही, महिना वाईट. फांदीला पानं असतात, मुळं नसतात. पारा बेचाळीसला टेकला की पानांतलं पाणी उडत राहतं आणि ते खालून भरून निघत नाही. मग आपण काळजीपोटी रोज ओततो. काळी माती ते धरून ठेवते आणि बुडखा कुजतो.

फांद्यांची देवाणघेवाण पाऊस स्थिरावल्यावर, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत करा. फांदी पेन्सिलीएवढी जाड, 15 ते 20 सेंमी लांब, तीन-चार डोळ्यांची घ्या. कोवळा शेंडा नको. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने), तिरपा. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून. दोन भाग धुतलेली जाड वाळू आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरे. शेणखत या टप्प्यावर नकोच, ताजा काप त्यात कुजतो. 5 सेंमी खोल खोचा आणि सावलीत ठेवा. वर प्लास्टिकची पिशवी घालत असाल तर तिच्यावर तासभर ऊन आलं तरी आत फांदी उकडते, हे विसरू नका. नवी पालवी दिसली म्हणजे मुळं आली असं नाही. फांदीत साठलेल्या अन्नावरही ती फुटते. महिन्याभराने हलकेच ओढून बघा. फांदीने धरून ठेवलं तर मुळं आली.

बाहेरगावी पाठवताना बुडख्याला ओला करून पिळलेला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा, आणि प्रवास रात्रीचा निवडा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेली फांदी दुपारच्या एसटीतल्या फांदीपेक्षा टवटवीत पोचते.

प्रश्न : शेजाऱ्यांनी दिलेलं कढीपत्त्याचं पिल्लू जगलं, पण नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. खत वाढवू का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : खत नको. ही लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात लोह असूनही मुळांना घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकलं तर तेही काही दिवसांत अडकून बसतं, म्हणून फवारणीच करा : 1 लिटर पाण्यात 2 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड), संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. आधीची पिवळी पानं पुरती सुधारतीलच असं नाही, पुढची बघा. आणि पुढच्या वेळी पिल्लू मागाल तेव्हा आधी त्याचं आईच्या मुळाशी असलेलं नातं कुदळीने तोडून घ्या, मग महिनाभराने उचला. तोवर त्याला स्वतःची मुळं फुटतात.

प्रश्न : अडेनियमच्या (डेझर्ट रोजच्या) फांदीपासून रोप झालं, पण बुडखा फुगत नाही.
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : फांदीच्या रोपाचा सहसा फुगतच नाही, फुगतो तो बियांच्या रोपाचा. फांदीऐवजी ताजं बी मागा; जुनं बी उगवेलच असं नाही.

प्रश्न : अदलाबदलीत मोगरा मिळाला. पंधरा दिवसांत शेजारच्या तीन कुंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागला. फवारलं, पुन्हा आला.
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : हा पिठ्या ढेकूण. पुन्हा येतो कारण कापसाखालची अंडी फवाऱ्यातून वाचतात आणि आठवड्याभरात फुटू लागतात. म्हणून सात-सात दिवसांनी तीनदा फवारा : 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रव साबण. ऊन उतरल्यावरच, दुपारी मारलेल्या तेलाने पानं भाजतात. बेचक्यातले गठ्ठे आधी स्पिरिटच्या कापसाने पुसून काढा. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर तीही मोडा, कारण गोड द्रवासाठी त्याच या किडीची राखण करतात. आलेलं कुठलंही रोप तीन आठवडे वेगळं ठेवा, ओळखीच्यांकडून आलेलं असलं तरी.

प्रश्न : गच्चीवरच्या कुंड्यांना उन्हाळ्यात दोनदा पाणी घालतो, खालून वाहतंही, तरी रोपं माना टाकतात.
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. त्या फटीतून पाणी थेट खाली जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. बोट मधोमध खुपसून बघा. कुंडी पाण्याच्या टबात निम्मी बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण वीस मिनिटं. मग फट मोकळ्या मातीने भरून वर उसाचं पाचट पसरा. पश्चिमेकडून कुंडीच्या अंगावर येणारं ऊन अडवायला जुनी सोलापुरी चादर दुहेरी टांगली तरी चालते. पाइपातलं पहिलं कढत पाणी बादलीत सोडा, झाडाला नको.