समुपदेशकाकडे गेली म्हणून ‘रेकॉर्ड’ खराब होत नाही

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र. मुलगी नागपूरला होस्टेलवर राहून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. दोन विषयांच्या चाचणीत नापास, बोलणं कमी झालेलं. कॉलेजने समुपदेशकाला भेटायला सुचवलं. ‘रेकॉर्डवर येईल’ म्हणून वडिलांनी तिला जाऊ दिलं नाही. एमपीएससीची तयारी आताच सुरू करावी का, हा त्यांचा प्रश्न.)

भाऊ, तुमचा प्रश्न आधी उरकते. राज्यसेवेला पदवी लागते, ती अजून लांब आहे. तो विषय सध्या काढूच नका. चाचणीचे मार्कही भरून निघतील.

मी अडकले ते तुमच्या पत्रातल्या डब्यापाशी. पोळ्यानंतर आईने शेंगदाण्याचे लाडू भरून दिले आणि दिवाळीत डबा तसाच परत आला, झाकणावरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. तुम्ही लिहिता, ‘शहरात गेली, घरची किंमत राहिली नाही.’ तसं नाही हो. जेवण तुटलं, झोप लागत नाही, फोनवर ‘हो बाबा’पलीकडे शब्द नाही आणि हे महिनोन्महिने चाललंय. पोरगी आतून त्रासात आहे. त्यात तुम्ही रोज रात्री ‘किती तास अभ्यास केला?’ विचारता आणि कृषी केंद्राच्या उधारीचा आकडाही ऐकवता. हे चुकतंय, स्पष्टच सांगते. उधारी तुमची आहे, ती तिच्या डोक्यावर ठेवू नका.

आता ‘रेकॉर्ड’. समुपदेशकाकडे गेल्याची नोंद गुणपत्रिकेवर येत नाही, टीसीवर येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारातली माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जीवाला धोका असेल तेव्हा वगैरे मोजकेच अपवाद. मुलगी अठरा पूर्ण आहे, त्यामुळे ती आत काय बोलली हे तिच्या संमतीशिवाय तुम्हालाही सांगणार नाहीत. त्याचा राग धरू नका. त्या भरवशावरच ती बोलेल. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. म्हणजे कॉलेजने तुमच्या मुलीला वेगळं काढलेलं नाही. तिला आजच सांगा, ‘जा, माझी हरकत नाही.’ तोवर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतून.

या शनिवारी आईला घेऊन नागपूरला जा. वॉर्डनला ‘गेटपासच देऊ नका’ असं सांगून ठेवलंत, ते मागे घ्या. खोलीत कोंडून पोरगी सुरक्षित होत नाही, एकटी पडते. होस्टेलच्या फॉर्मवर स्थानिक पालक म्हणून पुण्याच्या भाच्याचं नाव टाकलंय. रात्री दोनला तो काय करणार? अर्ध्या तासात पोहोचेल अशा नागपुरातल्या माणसाचं नाव द्या. तुमचा बंद पडलेला नंबरही बदला.

सिनियर त्रास देतात का, हे खोदून नका विचारू, पण वाट मोकळी ठेवा. रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली, तर राज्याच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे सात दिवसांत चौकशी करावी लागते. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू देऊ नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि एक प्रश्न आईने शांतपणे, थेट विचारावा: ‘बाई, जीव नकोसा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. ‘हो’ आलं, तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका. त्याच दिवशी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात न्या, रात्र असेल तर तिथल्याच अपघात विभागात. घरी आणायची ठरली, तर ती यायच्या आधी फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली तुमच्या खिशात.

शनिवारी भेटल्यावर चाचणीचं नाव काढू नका. सोबत बसून जेवा, ती बोलेल तेवढंच ऐका. समुपदेशकाच्या दारापर्यंत तिने बोलावलं तरच जा, आणि बाहेर थांबा.