जोंगा दारात उभी, पण फॉर्म 21 कुठाय?

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. नोव्हेंबर 2023 मध्ये कोल्हापूरकडच्या एका स्क्रॅपवाल्याकडून त्यांनी मिलिटरीच्या लिलावातली जोंगा, म्हणजे लष्कराची ती दणकट जीपसारखी गाडी, एक लाख ऐंशी हजाराला घेतली, स्टँपपेपरवर करार केला, बेळगावात गॅरेजला टाकून वर अडीच लाख घातले आणि आता आरटीओत गेले तर काउंटरवरचा माणूस कन्नडमध्ये सरळ 'आगंगिल्ल', म्हणजे 'होत नाही', म्हणाला. हातात काय, तर रिलीज ऑर्डरची झेरॉक्स. असली पत्रं मला वरचेवर येतात, कधी जोंगा कधी जिप्सी. मराठा रेजिमेंटचं सेंटर आपल्या गावात असल्यामुळं या गाड्या बघतच आपण मोठे झालोय, त्यामुळं ओढ समजते. पैसे द्यायच्या आधी कागद बघायचे हे आता परत सांगत बसत नाही.

तुम्ही विचारलंय, आर्मीचं आरसी बुक माझ्या नावावर ट्रान्सफर होईल का. ट्रान्सफर करायला आरसी नाहीच ओ. लष्कराची गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली त्यांच्याकडंच रजिस्टर असते, तो वर बाण असलेला नंबर, आणि सरकारची मालकी आहे तोवरच ते चालतं. लिलावात गेली की आरटीओच्या दृष्टीनं तिचं नव्यानं रजिस्ट्रेशन. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 47 प्रमाणं ओरिजिनल फॉर्म 21, म्हणजे विक्रीचा दाखला, लागतो, संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यानं सहीशिक्क्यानिशी दिलेला, त्यात घेणाऱ्याचं नाव, चॅसिस नंबर, इंजिन नंबर सगळं असतं. रिलीज ऑर्डर म्हणजे गेटमधनं गाडी बाहेर सोडायचा कागद, तिच्यावर रजिस्ट्रेशन होत नाही. आणि लॉट जर 'स्क्रॅप' म्हणूनच विकला असेल तर फॉर्म 21 निघालेलाच नसणार, मग ही गाडी रस्त्यावर येणं मला तरी अवघड दिसतंय.

म्हणून तुमच्या करारातली तिसरी ओळ परत वाचा. 'मूळ कागदपत्रे तीन महिन्यांत देणेची जबाबदारी लिहून देणार यांची राहील.' तुमची सगळी केस या एका ओळीवर उभी आहे. तीन महिने फेब्रुवारी 2024 ला संपले, करार मोडला तो तेव्हा, आणि नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत तिथनं तीन वर्षं, म्हणजे फेब्रुवारी 2027. ग्राहक आयोगाची दोन वर्षं तुम्ही घालवलीत. स्क्रॅपवाला 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणायलाय आणि तुम्ही ऐकत बसलाय, असल्या फोनवरच्या बोलण्यानं मुदत वाढत नाही. त्यानं मुदतीच्या आत स्वतःच्या सहीनं देणं कबूल केलं तर नव्यानं मोजता येते. व्हॉट्सॲपवरचं 'हो देतो' कोर्ट कितपत धरेल ते सांगता येत नाही, पण ते मेसेज डिलीट करू नका.

या आठवड्यात दोन कामं करा. स्क्रॅपवाल्याला वकिलामार्फत स्पीड पोस्टानं नोटीस, पंधरा दिवसांत फॉर्म 21 द्या नाहीतर पैसे आणि गॅरेजचा खर्च द्या. आणि रिलीज ऑर्डरवर ज्या डेपोचं नाव आहे तिथल्या माहिती अधिकाऱ्याला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून आरटीआय, त्यात एवढंच विचारा की या लॉटला फॉर्म 21 दिला का, कुणाच्या नावानं, कोणत्या तारखेला. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. स्क्रॅपवाल्याच्या नावानं निघाला असेल तर आधी त्याच्या नावावर रजिस्ट्रेशन आणि मग तुमच्याकडं ट्रान्सफर हा सरळ रस्ता, आरटीओ दुसरं काही मान्य करेल का ते तिथं विचारूनच कळेल.

दावा खानापुरात लागेल का महाराष्ट्रात जावं लागेल हे पैसे कुठं दिले, गाडी कुठं ताब्यात घेतली यावर. इथं टाकला तर मराठी कराराचं भाषांतर जोडावं लागेल, तेही आत्ताच करून ठेवा. निकालाला किती वर्षं जातील याचा भरवसा मी देत नाही. तारखांवर तारखा पडतात आणि गाडी पावसात कुजते, हे बघून मलाच चीड येते. म्हणून नोटिशीवर मिटत असेल तर मिटवा.

आरटीओत परत गेलात तर तोंडी नकार घेऊन येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, कलम 45 खाली कारणासकट लेखी आदेश मागा. अपिलाचे तीस दिवस तो आदेश हातात पडल्यापासनं मोजतात.

आता गॅरेजचं. पेट्रोल परवडत नाही म्हणून चार लिटरचं मूळ इंजिन काढून तुम्ही बोलेरोचं डिझेल बसवलंय, हे कलम 52 मध्ये अडकतं, आणि फॉर्म 21 आला तरी त्यावरचा इंजिन नंबर जुळणार नाही. जुनं इंजिन भंगारात घातलं नसेल तर आजच ताब्यात घ्या. ऑलिव्ह ग्रीन रंग काढा, तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, नियम 121. आणि चॅसिसवर मिस्त्रीनं जाड रंग मारलाय म्हणता, तिथं ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका. थिनरनं फडक्यानं हळू पुसायचं, नंबर दिसला की कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यायचा आणि फोटो काढायचा. आकडा एकदा घासला गेला की चोरीच्या गाडीचा संशय येतो, मग फॉर्म 21 असूनही उपयोग नाही.

तोवर गाडी शेताकडंसुद्धा नेऊ नका. रजिस्ट्रेशन नाही तर इन्शुरन्स नाही, आणि कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या जमिनीवर येईल. करार, बँकेची एंट्री, गॅरेजची बिलं आणि तो ठसा, एवढं घेऊन तुमच्या वकिलाकडं जा, दिवाळीची वाट बघू नका.