मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या मातीच्या भांड्यांवर इतके प्राणी का दिसतात?
नुसती शोभा म्हणून नाही. यातले बरेच प्राणी काही ना काही काम करत असतात. माझा लाडका आहे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या पेल्यावरचा ससा (साधारण इ.स. ६७०–७५०). वर म्हातारा देव एका बाईच्या मनगटात कडं बांधतोय, मागे दुसरी उंचावरून चॉकलेट ओततेय आणि खाली हा पठ्ठ्या जग्वारच्या कातड्याचं वेष्टन असलेल्या पोथीत मुकाट्याने लिहितोय. अगदी दिवाणजी!

जग्वार म्हणजे राजसत्ता आणि पाताळ, म्हणून तो जागोजागी भेटतो.

पेल्याच्या काठावर मासा दिसला तर मात्र फसू नका. तो बहुधा चित्र नसून 'का' हे अक्षर असतं, 'काकाव' म्हणजे कोको लिहिण्यासाठी.