सिस्टस या झुडपाचं तेल घेतलं, पण अंबरसारखा गोड वास येत नाही, उलट टर्पेंटाइनसारखा उग्र येतो. भेसळ असेल का?

नुसत्या या वासावरून भेसळ ठरवू नका. सिस्टसच्या तेलात अल्फा-पाइनीन हे उग्र वासाचं रसायन भरपूर असतं आणि टर्पेंटाइनचाही तोच मुख्य घटक, त्यामुळे पहिला भपकारा तसाच येणार. कागदाच्या पट्टीवर थेंब टाका आणि तासा-दोन तासांनी हुंगा. उग्रपणा उडालेला असतो, मागे कोरडा, राळेसारखा, ऊबदार वास उरतो. मी अत्तरं मिसळतो ती हौसेखातर, पण हे तेल मला आवडतं ते याच टप्प्यावर.

तुम्हाला हवं होतं ते बहुधा लॅबडॅनम. झुडूप तेच, सिस्टस लाडानिफर. स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्कोच्या कोरड्या उतारांवर माजतं. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, बहुतेकदा प्रत्येक पाकळीच्या बुडाशी गडद किरमिजी डाग. उन्हाळ्यात पानं आणि कोवळ्या फांद्या चिकट राळेने नुसत्या चकाकत असतात. ही राळ म्हणजे लॅबडॅनम. फांद्यांतून वाफ सोडली की उडून जाणारा भाग तेवढा तेल म्हणून हाती येतो, तोही जेमतेम. राळ बहुतेक मागेच राहते. ती काढायला स्पेनमध्ये फांद्या सोड्याच्या पाण्यात उकळतात, मग त्या पाण्यात आम्ल घालतात, की राळ वेगळी होते.

क्रीट बेटावरची रीत मात्र बघण्यासारखी. तिथे गुलाबी फुलांचं सिस्टस क्रेटिकस. ऐन दुपारच्या उन्हात, चामड्याच्या वाद्या लावलेलं दाताळं झुडपांवरून ओढायचं आणि वाद्यांना चिकटलेली राळ खरवडून घ्यायची. बोकडांच्या दाढीला चिकटलेली राळ गोळा करतात, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इ.स.पू. 5व्या शतकात लिहून ठेवलंय, अर्थात अरबस्तानाबद्दल.

आता अंबरचं. तो गोडवा एकट्या लॅबडॅनमचाही नाही. त्याला व्हॅनिला आणि बेंझॉइन या गोडसर राळेची जोड देऊन तो वास बांधतात. त्यासाठी लॅबडॅनम अ‍ॅब्सोल्यूट किंवा रेझिनॉइड, म्हणजे द्रावकाने काढलेला अर्क, घ्या. ते इतकं घट्ट असतं की ओतताच येत नाही. बाटली गरम पाण्यात ठेवून मऊ करा, अल्कोहोलमध्ये 10 टक्क्यांचं द्रावण करून ठेवा, मग थेंब मोजता येतात. ‘लॅबडॅनम ऑइल’ असं लिहिलेलं दिसलं तर विकणाऱ्याला आधी विचारा, कारण राळेचं ऊर्ध्वपातन करूनही तेल काढतात आणि ते आणखी तिसरंच. हातातली बाटली टाकू नका, गोड मिश्रणात तिचा एखादा थेंब छान उठाव देतो. फक्त पातळ न करता अंगाला लावू नका.